नावात दुरुस्तीबाबत

भाऊ, तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर
त्यांनी वैतीचं वैद्य केलंय.
मुलुंडच्या वॉर्ड ऑफिसात खिडकीशी मी हसले,
मागच्या माणसाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

चौतीस वर्षं तुम्ही याच खिडकीच्या आत.
माणसं मेली की तुमच्याकडे यायची,
म्हणजे त्यांची माणसं यायची,
आणि तुम्ही प्रत्येकाला तीनदा विचारायचात, नाव काय?
तिसऱ्यांदा सांगताना कुणी ना कुणी रडायचं.
मग तुम्ही पेन खाली ठेवायचात,
रांग कितीही असो.

निवृत्तीचं घड्याळ शेजारच्या पोराला देऊन टाकलंत
आणि पुढच्याच रविवारी टेंभीपाड्याला
वाचनालयाबाहेर टेबल मांडलंत.
एक स्टीलचा डबा : कार्बन, शाईचं पॅड, टाचण्या,
किरकिऱ्या पोरांसाठी पेपरमिंट.
विधवा पेन्शन, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव.
एकजण तर कागदावर मेलेला होता,
त्याला परत जिवंत करायला तुम्हाला सात महिने लागले.
त्यानं सुके बोंबील आणून दिले.
तेवढे मात्र घेतलेत.

मी रागावले होते, हेही इथे लिहून ठेवते.
बारावीनंतरचा माझा फॉर्म
तुमच्या पिशवीत एक दिवस जास्त राहिला.
त्या दिवशी नाहूरच्या कुणा म्हातारीसाठी
तुम्ही शववाहिनी शोधत फिरत होतात.
माफी नाही मागितलीत.
पुढचं वर्षभर माझ्या डब्यात, पोळ्यांवर,
सोललेल्या संत्र्याच्या चार फोडी असायच्या,
पांढरी शीर न् शीर काढलेल्या.

आईचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार.
चार तास मशीन चालायचं,
तुम्ही उशाशी बसून तिला पेपर वाचून दाखवायचात,
शेवटच्या पानावरच्या छोट्या जाहिरातींसकट,
हरवलेल्या कागदपत्रांच्या, बदललेल्या नावांच्या.
पलीकडच्या खाटेवरचे सलीमभाई म्हणायचे,
जरा मोठ्यानं वाचा ना.

ती गेली तेव्हा तिचा अर्ज तुम्ही स्वतः भरलात.
अक्षर नेहमीसारखंच. फक्त
'मृताशी नाते' या रकान्यात
पती लिहून पुढे स्वल्पविराम दिलात
आणि काहीच लिहिलं नाहीत.

आता इथली मुलगी म्हणते, दुरुस्तीचा अर्ज द्या,
साध्या कागदावर, आधारची प्रत जोडा.
तिला तुम्ही ठाऊक नाही. असायचं कारणही नाही.
मी डबा उघडते. पेपरमिंट विरघळून
टाचण्यांना चिकटून बसलंय.
कार्बन उजेडाला धरला
तर नावंच नावं, एकावर एक :
पाष्टे, शेख, गिरमे, यादव, डिसोजा,
मग नुसतीच जाळी.
आपलं नाव कुठे सापडत नाही.

मा. महोदय,
वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की
माझे वडील कै. दामोदर पांडुरंग वैती,
व-वर दोन मात्रा, त-ला दुसरी वेलांटी,
वैद्य नव्हते.
तरी

इथे मी अडले.
'तरी'च्या पुढचं तुम्हीच सांगायचात सगळ्यांना :
जास्त लिहू नका, साहेबाला वेळ नसतो.

सोबतच्या छापील कागदावर एक रकाना आहे,
मृताचा व्यवसाय.
मुलगी म्हणाली, निवृत्त लिहा, सगळे तेच लिहितात.

निवृत्त हा काय धंदा झाला?
तुम्ही टेबलावरून चष्म्याच्या वरनं बघत विचारायचात.
काय करतात ते सांगा.

मागे रांग खोकतेय.
मी पेन खाली ठेवलं.